पांढऱ्यावर न उतरणारा तारा

“उतरला! उतरला!” अशी आरोळी उठली आणि हॉलमधली झाडून सगळी माणसं खुर्च्या मागे सारून उभी राहिली.

तैवानच्या किनाऱ्यावरच्या हाइवेई गावात, समुद्राची देवी मात्सू हिच्या देवळाला लागून लग्नाच्या पंगतींचा एक मोठा हॉल होता. मालक मुलाकडे ताइपेईला गेला तेव्हापासून तो बंदच होता. गोल टेबलं गेली, भांडीकुंडी गेली, पण वऱ्हाडी मंडळींना गाणी म्हणता यावीत म्हणून लावलेला भिंतीएवढा पडदा तेवढा जागेवर राहिला होता. त्याच पडद्यावर आता यूलान झळकत होती. गडद निळा सदरा, हात मांडीवर, चेहरा जरासा बावरलेला. आणि तिच्या डोक्यातून, अगदी भांगाच्या जागेवरून, जांभळ्या-निळ्या धुराचा लोट वर चढला होता. धूर तरी कसा, आतून पेटल्यासारखा. त्यात बारीक चांदण्या विखुरलेल्या, खांद्यांवर सोनेरी भुकटी सांडलेली, आणि कपाळाच्या वर एक टपोरा तारा चार टोकांनी लखलखत होता.

“हा पाहा यूलानबाईंचा जन्मतारा!” को गुरुजी माइकमध्ये अगदी हळुवार बोलले. “पहिल्या फोटोत कसा होता? विझत्या उदबत्तीच्या टोकाएवढा! आणि आज?”

“पेटला!” हॉल गरजला.

“कशाने पेटला?”

“विश्वकिरणांनी!”

कालवं फोडणाऱ्या बायका, मासळी बाजारातले दलाल, दिवसभर टॅक्सीत बसून पान चघळणारे बाप्ये, सगळ्यांचे हात जोडलेले. को गुरुजी पांढऱ्याशुभ्र रेशमी झग्यात मंचावर उभे होते. केस मात्र कोळशासारखे काळे, एकही पांढरा नाही. त्यांच्या कॅमेऱ्याचं भिंग म्हणे गोबीच्या वाळवंटात पडलेल्या उल्केची काच घासून केलेलं होतं. साध्या भिंगाला माणूस दिसतो, या भिंगाला माणसाचा तारा दिसतो.

सगळ्यात मागे, दाराजवळ, निएन पाओचू हाताची घडी घालून उभी होती. यूलान तिची सख्खी मोठी बहीण. पाओचूची उभी हयात टेलिफोन ऑफिसात गेली होती. कानाला यंत्र लावून गावाची सुखदुःखं जोडून देता देता तिला एक सवय जडली होती, माणूस काय बोलतो यापेक्षा तो कुठे घाई करतो ते ऐकायची. को गुरुजी कुठे घाई करतात ते तिला अजून सापडलं नव्हतं, पण ते कुठेतरी करतात याबद्दल तिला खात्री होती.

“आणि यूलानबाई,” गुरुजींनी विचारलं, “डोळ्यांत घालायचं ते औषध?”

“बंद केलं, गुरुजी,” यूलान लाजत म्हणाली. “शरदाच्या पौर्णिमेपासून एक थेंब घातलेला नाही.”

पाओचूच्या हाताची घडी सुटली. शरदाची पौर्णिमा होऊन गेली होती, आता थंडी पडली होती, समुद्रावरून बोचरा वारा सुटला होता. एवढे दिवस? आणि ताई रोज भेटते, रोज बोलते, आणि एका शब्दाने सांगत नाही?

“शाब्बास! डॉक्टर म्हणतात काचबिंदू. मी म्हणतो ढग! ताऱ्यासमोर ढग आला की डोळा अंधारतो. आता ढग आलेला असताना वरून आणखी पाण्याचे थेंब घालायचे म्हणजे काय? पाऊसच पाडायचा की!”

लोक हसले. टाळ्याही पडल्या.

पुढचा म्हातारा फोटोसाठी काळ्या पडद्यासमोर जाऊन बसला. को गुरुजींची मदतनीस फांगबाई लगबगीने आली आणि त्याच्या पांढऱ्या केसांवर काळी लोकरी टोपी चढवून गेली. त्याच्या मागच्या बाईच्या अंगात पांढरं जाकीट होतं. तिला रांगेतूनच परत पाठवलं. “पाटी वाचली नाही का? गडद कपडे घालून या. पांढऱ्यावर तारा उतरत नाही.”

“बरोबरच आहे,” पाओचूच्या शेजारची बाई पुटपुटली. “पांढरं सुतकाचं.”

“मग गुरुजी कसे नखशिखांत पांढऱ्यात?” पाओचूने विचारलं.

“त्यांचा फोटो काढतच नाहीत. त्यांचा तारा एवढा मोठा की फोटोत मावत नाही म्हणे.”

“मोठी सोय आहे,” पाओचू म्हणाली.

फोटो काढला की कॅमेरा घेऊन फांगबाई मागच्या खोलीत जायची. तारा नुकताच आकाशातून आलेला असतो, तापलेला असतो, तो निवावा लागतो, असं गुरुजी सांगत. तो निवेपर्यंत भक्तांना चहा मिळे. निवण्याच्या खोलीच्या दारावर जाड पडदा होता आणि पडद्याखालून, पाओचूने नीट पाहिलं, कंप्युटरचा निळसर उजेड येत होता.

*

“तू मला सांगितलं का नाहीस?” घरी पोचल्यावर पाओचूने विचारलं.

“सांगितलं असतं तर तू हेच केलं असतंस. आत्ता करतेयस ते.” यूलानने चहाची किटली उचलली. “दर महिन्याला चांगह्वाच्या इस्पितळात जा, तासन्‌तास बाकावर बसा, हनुवटी त्या यंत्रावर टेका. डॉक्टर काय म्हणतो? ‘आजी, वाढलेलं नाही.’ वाढलेलं नाही म्हणजे बरं झालेलं नाहीच ना? आणि ते थेंब! डोळे लाल होतात, चुरचुरतात. इथे निदान तारा वाढलेला दिसतो तरी.”

“वाढू नये म्हणूनच तर थेंब आहेत, ताई!”

“आता बघ, बंद करून इतके दिवस झाले. दुखलं का? खुपलं का? काही झालं?”

असं म्हणत तिने चहा ओतला. तो पेल्याच्या डाव्या बाजूला टेबलावर पडला, कडेपर्यंत ओघळला आणि खाली फरशीवर थेंब थेंब गळू लागला. यूलान किटली तशीच तिरकी धरून, पेला भरायची वाट बघत होती.

पाओचूने फडकं आणलं. पाठमोरी होऊन तिने डोळे पुसले आणि मग टेबल पुसलं.

“किटलीची तोटी वाकडी झालीय,” यूलान म्हणाली.

“हो,” पाओचू म्हणाली. “असेल.”

त्या रात्री तिने स्वतःशी ठरवलं की भांडण करायचं नाही. भांडून ताई आजवर कधी हरलेली नव्हती.

*

दर बुधवारी दुपारी गावच्या समाजमंदिरात वयस्कर मंडळींचा कंप्युटरचा वर्ग भरे. शिकवायला माध्यमिक शाळेतले विज्ञानाचे शिक्षक, श्याओ सर, येत. मनुष्य बुजरा, पण शिकवायला हाडाचा. वर्गात बहुतेक बायका, आणि त्यांचं शिक्षण एकाच ध्येयाने चाललेलं: कमळाच्या फोटोवर ‘सुप्रभात, गरम पाणी प्या’ असं मोठ्या अक्षरांत लिहून पहाटे पहाटे सगळ्या नातेवाइकांच्या फोनवर धाडायचं.

त्या दिवशी नव्या वर्षाच्या शुभेच्छांचं चित्र करायचं होतं. आपल्या फोटोवर आतषबाजी उडवायची.

“हे बघा,” श्याओ सर म्हणाले, “खाली तुमचा फोटो. त्याच्यावर आतषबाजीचा फोटो ठेवलात. काय झालं?”

“मी झाकले गेले,” फूमेई म्हणाली. तिचं बाजारात भाजलेल्या हंसाच्या मांसाचं दुकान होतं आणि तिचा आवाज दुकानाबाहेर पार चौकापर्यंत पोचत असे. “नुसता काळोख!”

“बरोबर. कारण आतषबाजीच्या मागचं आकाश काळं आहे. आता वरच्या चित्राचा प्रकार बदला. इथे यादीत ‘स्क्रीन’ लिहिलंय, ते दाबा.”

वर्गभर ‘अगंबाई’ची लाट गेली. काळोख नाहीसा झाला आणि फटाक्यांच्या ठिणग्या तेवढ्या ज्याच्या त्याच्या डोक्यावर नाचू लागल्या.

“हा प्रकार वरच्या चित्रातला उजेड तेवढा खालच्या चित्रात मिसळतो. काळा म्हणजे उजेड नाहीच. म्हणून तो गळून जातो.”

“सर, माझी आतषबाजी बिघडलीय!” फूमेई ओरडली. “अर्धीच आली!”

सगळे तिच्या पडद्याभोवती जमले. फूमेईने आपला दुकानातला फोटो घेतला होता, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत पांढराशुभ्र ॲप्रन घातलेला. मागच्या काळपट भिंतीवर ठिणग्या झकास उडत होत्या, पण ॲप्रनवर येताच त्या पार विरून जात होत्या.

“बिघडली नाही,” सर म्हणाले. “पांढरा रंग आधीच उजेडाने काठोकाठ भरलेला असतो. भरल्या वाटीत अजून पाणी ओतलंत तर वाटीत काय फरक दिसणार? हे गडद रंगावरच दिसतं. पांढऱ्यावर काही उतरत नाही.”

पाओचूचा हात माउसवर तसाच राहिला.

वर्ग सुटल्यावर ती मागे थांबली. “सर, एखादा माणूस फोटोला येताना पांढरं घालू नका म्हणत असेल, पांढऱ्या केसांवर काळी टोपी घालत असेल, तर त्याचा काय अर्थ?”

श्याओ सरांनी आधी दाराकडे पाहिलं. मग खिडकीकडे.

“पाओचूबाई, मला कळतंय तुम्ही कुठल्या हॉलबद्दल बोलताय. आमच्या मुख्याध्यापकांच्या पत्नीचा फोटो तिथे दर्शनी लावलाय. मला याच शाळेत नोकरी करायची आहे.”

“म्हणजे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं.”

“संशय होता.”

“माझ्या बहिणीचा डोळा चाललाय, सर.”

सर बराच वेळ वायरी गुंडाळत राहिले. एकच वायर तीनदा गुंडाळून झाली.

“मी तुम्हाला भाषण करायला सांगत नाही,” पाओचू म्हणाली. “शिकवायला सांगतेय. तुमचं कामच आहे ते. पुढच्या बुधवारी फटाक्यांच्या जागी ताऱ्यांचा ढग शिकवा.”

आणि सरांनी शिकवला. आधी काळा कोरा थर, म्हणजे फोटोवर ठेवायचं वरचं चित्र, घ्यायचा. त्यावर कापसासारख्या मऊ कुंचल्याने धूर काढायचा, तो बोटाने पसरावा तसा पसरायचा, त्याला जांभळा-निळा रंग द्यायचा. दुसऱ्या एका कुंचल्याने, मीठ भुरभुरावं तशा, चांदण्या भुरभुरायच्या. मोठ्या ताऱ्याला चार टोकं ओढायची. थराचा प्रकार ‘स्क्रीन’ करायचा, काळं गळून जायचं, आणि उरलेलं तेज उचलून हव्या त्या डोक्यावर बसवायचं. वर्गातल्या बायका तासाभरात विश्वकिरणांत पारंगत झाल्या. फूमेईने तर माणसं सोडून दुकानात हुकाला टांगलेल्या भाजलेल्या हंसावरच तारा चढवला.

“याचा जन्मतारा बघा! मेल्यानंतर उजळला!”

फूमेईच्या नवऱ्याने गुडघेदुखीसाठी को गुरुजींकडून फोटो काढून घेतला होता. पाओचूने तो आणि यूलानचा फोटो सरांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. यूलानच्या डोक्यावरच्या ढगाला उजवीकडे कोळंबीच्या शेपटीसारखं वळण होतं आणि शेपटीजवळ तीन चांदण्या. फूमेईच्या नवऱ्याच्या ढगाला तसंच वळण होतं, फक्त डावीकडे. आणि तीन चांदण्या.

श्याओ सरांनी दोन्ही फोटो फोनने टिपून कंप्युटरवर घेतले, एक आरशासारखा उलटा केला आणि दुसऱ्यावर ठेवला. ढगावर ढग तंतोतंत बसला.

“म्हणजे माझ्या नवऱ्याचा आणि तुझ्या बहिणीचा तारा एकच?” फूमेईने कंबरेवर हात ठेवले. “हे मला आधी कुणी सांगायला नको?”

सरसुद्धा हसले. मग हसू आवरून म्हणाले, “एवढा मेहनती लबाडही नाही तो. तीन-चार ढग करून ठेवलेत आणि उलटसुलट करून वापरतोय. ज्यांना तारा फिका दाखवायचा त्यांच्यासाठी थर पुसट करायचा, बस्स. एका पट्टीवर बोट सरकवायचं काम आहे.”

यूलानचा विझत्या उदबत्तीएवढा तारा पेटला होता तो असा.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी पाओचू कंप्युटर घेऊन यूलानच्या स्वयंपाकघरात गेली. यूलान कालवं फोडत बसली होती. सुरी शिंपल्याच्या फटीत घालायची, मनगट फिरवायचं. वर्षानुवर्षांच्या सवयीने हात बिनचूक चालत होते, बघायची गरजच नव्हती.

पाओचूने यूलानचा एक साधा जुना फोटो उघडला आणि सगळं सांगितलं. पांढरे कपडे, काळी टोपी, कोळंबीची शेपटी, सगळं. यूलानने ऐकून घेतलं. सुरी थांबली नाही.

“झालं?”

“नाही. हात पूस आणि इकडे ये. हे बटण तू दाब.”

“मी कशाला?”

“दाब तर खरं.”

यूलानने हात पुसले, उजवा डोळा पडद्याजवळ नेला आणि पाओचूने बोट ठेवून दिलं तिथे दाबलं. जुन्या फोटोतल्या तिच्या डोक्यावर हिरवट-निळा ढग उगवला. हा ढग पाओचूने वर्गात स्वतः रंगवलेला होता, को गुरुजींकडे असला हिरवा ढग नव्हता. यूलानने तो बराच वेळ न्याहाळला.

“छान झालाय,” ती शेवटी म्हणाली. “पण पाओ, तुला तारा रंगवता येतो म्हणून गुरुजींचाही रंगवलेलाच, असं थोडंच आहे? बाजारात प्लास्टिकची फुलं मिळतात, म्हणून काय खरी फुलं नसतातच?”

टेलिफोन ऑफिसातल्या सगळ्या वर्षांत पाओचूला इतकं चोख उत्तर कुणी दिलं नव्हतं. ताईचं म्हणणं खरं होतं. आपण नक्कल करू शकतो, एवढंच आपण सिद्ध केलंय.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “मग खरं फूल आणि प्लास्टिकचं फूल कोण ओळखेल?”

“गुरुजी ओळखतील. क्षणात ओळखतील.”

“नक्की?”

“उल्केच्या भिंगातला तारा आणि तुझं हे बुधवारचं चित्र! त्यांना कळणार नाही होय?”

“मग त्यांनाच दाखवू. तू दाखव. मी तोंडातून चकार शब्द काढणार नाही. त्यांनी ‘हा माझा नव्हे’ म्हटलं तर मी भर हॉलमध्ये त्यांच्या पाया पडेन. आणि नाही ओळखलं...”

“ओळखतील,” यूलान म्हणाली.

“नाही ओळखलं, तर तू माझ्याबरोबर चांगह्वाला येशील. त्याच दिवशी.”

यूलानने सुरी उचलली, एक शिंपला फोडला, दुसरा फोडला. “येईन,” ती म्हणाली. तिला पुरती खात्री होती. पाओचूला तिच्या त्या खात्रीचीच कीव आली.

फोटो बाजारातल्या दुकानात छापून त्याला को गुरुजींच्या फोटोंसारखंच चकचकीत प्लास्टिक चढवून घेतलं.

*

रविवारी दुपारी हॉल खच्चून भरला होता. दूरच्या गावांतून बस करून माणसं आली होती. कंप्युटरच्या वर्गातल्या बायका भिंतीशी एका ओळीत उभ्या राहिल्या. त्यांच्या शेवटी, बाहेर निसटायला सोपं जाईल अशा जागी, श्याओ सर. ते येतील असं पाओचूला वाटलं नव्हतं.

तारावाचन सुरू झालं. भक्ताने आपला फोटो मंचावर न्यायचा, गुरुजींनी ताऱ्यावरून बोट फिरवत प्रकृती सांगायची. यूलानची पाळी आली. पाओचूने तिला पायरीपर्यंत हाताला धरून नेलं आणि ती मागे झाली.

“गुरुजी, हा वाचता का?”

को गुरुजींनी फोटो घेतला, उजेडात तिरका धरला, डोळे मिटले, उघडले. पाओचू कान देऊन ऐकत होती.

“अहाहा!” माइक घुमला. “मंडळी, हिरवा! हिरवा ढग! हा वर्षातून एखाद्यालाच लाभतो. हिरवा म्हणजे यकृत, आणि यकृताचं द्वार कुठे? डोळ्यांत! यूलानबाई, तुमच्या डोळ्याचं द्वार उघडलं! इथे पाहा, हा किरण डाव्या बाजूने उतरलाय. डावा डोळा आठवडाभरात स्वच्छ होणार. औषधाला आता हातसुद्धा लावू नका!”

हॉलमध्ये जयघोष झाला. यूलान जागची हलली नाही.

“गुरुजी, हा तुमच्याच भिंगातला ना? नीट बघा हं.”

“बाई, असं तेज दुसऱ्या कुठल्या काचेत उतरेल? हा मी स्वतः टिपलाय.”

“कधी?”

“गेल्या खेपेला. तारा उतरला तेव्हा माझ्या बोटांना चटका बसला होता.”

इथे गुरुजी पहिल्यांदा घाईने बोलले. पाओचूच्या कानांनी ती घाई अचूक टिपली.

यूलान वळली. हॉलकडे तोंड करून उभी राहिली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण माइक जवळच होता.

“हा तारा गुरुवारी सकाळी माझ्या स्वयंपाकघरात उतरला. बहिणीने रंगवला आणि बटण मी दाबलं. माझ्या हाताला कालवांचा वास येत होता.” ती थांबली. “मला चटका बसला नाही.”

को गुरुजींनी फोटोकडे पाहिलं, फांगबाईकडे पाहिलं, आणि मग प्रसन्न हसले. “पाहिलंत? माझी ऊर्जा आता भक्तांच्या बोटांतूनही—”

“मग हा कुणाच्या बोटांतून?” फूमेईचा आवाज आला. पाठोपाठ हॉलभर फोन वाजू लागले. टिंग. टिंग. टिंग. वर्गातल्या बायकांनी रोज पहाटे धाडायची सवय दुपारी वापरली होती. ज्याच्या त्याच्या फोनवर तोच फोटो: हुकाला टांगलेला भाजलेला हंस, डोक्यावर जांभळा तेजोमेघ, चोचीवर चार टोकांचा तारा, आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘सुप्रभात. औषध बंद केल्याने माझी तब्येत उत्तम आहे.’

आधी कुणीतरी एकटंच फिसकन हसलं. मग आवरेना. पण सगळेच हसत नव्हते. पुढच्या रांगेतला एक दलाल लाल होऊन उठला. “देवाची थट्टा करता? बाहेर काढा या बायांना!”

“यात देव कुठे आला?” हे श्याओ सर बोलले. ते कधी मंचापाशी पोचले कुणालाच कळलं नाही. “मात्सूदेवी शेजारी आहे, तिला कुणी हात लावलेला नाही. मी शाळेत विज्ञान शिकवतो. तुमच्यातल्या कित्येकांची मुलं माझ्या वर्गात आहेत. मला पाच मिनिटं द्या, मग काढा बाहेर.”

त्यांनी फोनने को गुरुजींचा तिथल्या तिथे फोटो घेतला, आपला कंप्युटर त्या मोठ्या पडद्याला जोडला. काळा थर ठेवला, वर ढग काढला, काळं गाळलं. गुरुजींच्या काळ्या कुळकुळीत केसांवर तेज उसळलं. सरांनी ढग खाली ओढला. पांढऱ्या झग्यावर येताच तो विरघळला, जसा काही कधी नव्हताच. पुन्हा केसांवर नेला, पुन्हा पेटला. पुन्हा झग्यावर, पुन्हा गायब.

“पांढऱ्यावर तारा का उतरत नाही ते हे,” सर म्हणाले. “सुतकाचा काही संबंध नाही. आता ज्यांच्याजवळ फोटो आहेत त्यांनी शेजाऱ्याचा मागून घ्या. कोळंबीच्या शेपटीसारखं वळण शोधा. कुणाचं उजवीकडे असेल, कुणाचं डावीकडे. जवळच तीन चांदण्या असतील.”

खुर्च्या सरकल्या. माणसं पिशव्यांतून, पाकिटांतून फोटो काढू लागली. “अगं, तुझ्यातही आहे!” “माझा उलटा.” “आमच्या सासऱ्यांचा आणि या ताइचुंगच्या बाईंचा एकच!” ओरडणारा दलालही हळूच खाली बसला आणि बायकोचा फोटो आपल्या फोटोशेजारी धरून बघू लागला. बघता बघता त्याची मान खाली गेली.

फांगबाई मागच्या दाराने निघून गेली होती. को गुरुजी, “अविश्वासाच्या लहरींनी भिंगाला तडा जाईल,” असं काहीबाही बोलत राहिले, पण माइक एव्हाना कुणीतरी बंद केला होता.

*

यूलानने शब्द पाळला. हॉलमधून निघाल्या त्या दोघी थेट गाडीत बसल्या आणि रविवारी उघडं असणारं चांगह्वाचं मोठं इस्पितळ गाठलं. डोळ्यांतला दाब भलताच चढला होता. डॉक्टरीणबाईंनी आधी तो उतरवला, मग पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया केली. उजव्या डोळ्याची जितकी नजर शिल्लक होती तितकी राहिली. डाव्या डोळ्याची गेलेली नजर परत येणार नाही, हे त्यांनी लपवाछपवी न करता सांगितलं.

“थेंब बंद न करता येत राहिले असते तर?” यूलानने विचारलं.

“थेंब चालू ठेवले असते तर बहुतेक वाचला असता, आजी.”

परतीच्या वाटेवर यूलानने पाओचूचा हात धरून ठेवला, आणि ही बाई लहानपणापासून कुणाचा हात धरणारी नव्हती.

को गुरुजींवर आरोग्य खात्याने खटला भरला. तो अजून चालू आहे. गावात सगळं सुरळीत झालं असं नाही. काही घरांत तो फोटो अजून भिंतीवर आहे, “फोटो खोटा असेल, पण गुरुजींचा हात हलका होता,” असं म्हणणारे आहेत. मुख्याध्यापकांच्या पत्नी श्याओ सरांशी बोलत नाहीत. नोकरी मात्र शाबूत आहे.

वसंतात आरोग्य केंद्राने समाजमंदिरात डोळ्यांची तपासणी ठेवली. लोक यायला कचरत होते. तेव्हा यूलान आपणहून पुढे उभी राहिली. भाषणाची सवय नव्हती, म्हणून खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

“मी अडाणी म्हणून फसले नाही,” ती म्हणाली. “हिशेब मला येतो, बाजारात मला कुणी फसवलेलं नाही. कालवं ताजी आहेत का, हे मी दहादा विचारते. आणि ज्याच्या हातात डोळा दिला त्याला एकदाही विचारलं नाही, की बाबा, पांढरं का नको? मागच्या खोलीत काय करता? माझ्यासमोर करून दाखवता का? विचारायची लाज वाटली. तेवढ्या लाजेत एक डोळा गेला. तुम्ही विचारा. गुरुजींना विचारा, डॉक्टरलाही विचारा, माझ्या बहिणीलाही विचारा, ती काही कमी आगाऊ नाही. जो खरा असेल तो रागावणार नाही, समजावून सांगेल. जो करून दाखवणार नाही, त्याच्या हाती आपलं शरीर देऊ नका. विचारायला डोळे लागत नाहीत. माझ्याकडे एकच उरलाय, तरी मी आता विचारते.”

ती खाली बसली. मग हॉलमध्ये ओरडलेला तो दलाल उठला, बायकोला बरोबर घेतलं, आणि तपासणीच्या टेबलापाशी जाऊन डॉक्टरला पहिला प्रश्न विचारला.

“हे यंत्र नेमकं काय मोजतं, ते जरा सांगा बरं.”